टोपीवाले दोन ट्रान्झिस्टर

चांगला गोड सूर असताना तो मुद्दाम फाडायचा कशासाठी, हे चारुलताच्या डोक्यात काही केल्या शिरेना. धनेशची गिटार छान वाजायची. शेजारच्या सुहासिनीवहिनी तर हातातलं काम टाकून कुंपणाशी उभ्या राहून ऐकायच्या. आणि हा दिवटा भर दुपारी स्वयंपाकघरातल्या परातीत रंगीबेरंगी मण्यांसारखं काहीतरी ओतून बसला होता. का, तर म्हणे आवाज फाटका झाला पाहिजे.

"आई, तुला नाही समजणार. आजकाल हाच साउंड चालतो. एक तार छेडली की स्टेज भरून येतं."

"भरून येतं ते आभाळ, नाहीतर गळा," चारुलता म्हणाली. "आणि माझी परात रिकामी कर आधी. संध्याकाळी पोळ्या काय तुझ्या डोक्यावर मळू?"

हे ती बोलली ते अगदी हळू, तोंडावर पदर धरून. कारण मधल्या दारापलीकडे, ओसरीतल्या लोखंडी खुर्चीवर चिंतामणराव बसले होते. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बेशरमची झुडपं वाढली होती आणि ते त्या झुडपांकडे बघत होते. म्हणजे डोळे तिकडे होते. बघत काय होते ते देव जाणे.

सुदामा नगरातल्या त्या घरात मिल बंद झाल्यापासून सगळं असंच दबकत चाललं होतं. चिंतामणराव साचेखात्यात जॉबर होते. साचेखातं म्हणजे जिथं कापड विणायचे साचे चालतात ते लांबलचक दालन, आणि जॉबर म्हणजे त्या साच्यांचा आणि त्यांवरच्या माणसांचा मुकादम. उभी हयात तिथं गेली. मग एका हिवाळ्यात गेटला कुलूप लागलं, आणि हा माणूस घरी येऊन जो खुर्चीत बसला तो बसलाच. वाढलं की जेवायचा. 'हं', 'नको', 'पुरे' एवढे तीन शब्द त्याच्यापाशी उरले होते.

पूर्वी असं नव्हतं हो. साच्यांच्या खडखडाटात जन्म घालवला की कानांचं काय होतं, हे मिलवाल्यांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांच्या घरी सगळे ओरडूनच बोलतात. भांडण ओरडून, लाड ओरडून, देवाची आरतीही ओरडून. "अहो, नळाला पाणी आलं!" ही हाक चारुलता अशी घालायची की दोन घरं पलीकडची माणसं बादल्या घेऊन धावायची. आणि चिंतामणरावही तसेच खणखणीत उत्तर द्यायचे. घर कसं जागतं होतं.

पण मिल बंद झाल्यावर चारुलताला वाटलं, आता या माणसावर ओरडायचं कसं? आधीच बिचाऱ्याचं सगळं गेलंय. सुहासिनीवहिनींनीही सांगितलं, "धक्का बसलाय त्यांना. जरा शांती द्या." झालं. चारुलतानं घराला शांतीची सवय लावली. दुपारचा रेडिओ बंद केला. मिक्सर कोनाड्यात ढकलला आणि चटणी पाट्यावर वाटायला लागली. आल्यागेल्याला ती दारातच बजावायची, त्यांच्यासमोर मिलचा विषय काढू नका. धनेशनं गिटार वाजवायची ती मागच्या खोलीत, दार लावून. सगळे कुजबुजत बोलायला लागले, जसं घरात तान्हं बाळ निजलंय.

एवढं करूनही काही फरक पडेना. "चहा ठेवू का?" असं ती मायेनं, हळूच विचारायची आणि चिंतामणराव झुडपांकडे बघत राहायचे. पहिल्यांदा तिला दया आली, मग भीती वाटली, आणि मग सरळ राग आला. मिल गेली ते तिला समजत होतं. पण मिलनं जाताना तिचा नवराही नेला, हे तिला सहन होत नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. त्यानं पूर्वीसारखं एकदा भांडावं, 'आमटी खारट झालीय' म्हणावं, एवढंच.

तर या असल्या घरात धनेशला आवाज फाडायची हुक्की आली होती.

धनेश पलासियाला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि विजयच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. शहरात नवनवीन शोरूम उघडत होत्या, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, आणि परदेशी वाद्यांचे आवाज केबलवरून घराघरांत शिरत होते. तसला आवाज काढायला एक छोटी पेटी लागते. गिटारची वायर तिच्यात घालायची, पेटीवर पायानं खटका दाबायचा, की सूर फाटतो. ती बाहेरून मागवायची ऐपत नव्हती, म्हणून हा पठ्ठ्या घरीच बनवायला बसला होता. पेटीसाठी आधी त्यानं बाबांच्या मिलच्या डब्यावर नजर टाकली होती. पण चारुलता कुजबुजत का होईना, अशी काही कडाडली, "अन्नाच्या डब्यावर पाय देणार तू? लाज नाही वाटत?" की तो गपचूप पंक्चरच्या सामानाची जुनी पत्र्याची पेटी घासून घेऊन आला.

बडबड केली तरी चारुलता शेवटी परातीपाशी बसलीच. धनेशनं तिला दाखवलं, की या बारक्या कांड्यांवरचे रंगीत पट्टे बघून रेझिस्टर ओळखायचे. मग काय, तिनं तांदूळ निवडावेत तसे ते निवडले. तपकिरी-काळे एकीकडे, पिवळे-जांभळे दुसरीकडे. हात कामाला लागले की तिला बरं वाटायचं. दुपारचं ऊन खिडकीतून परातीत येत होतं आणि ते रंगीत पट्टे मधूनच चमकत होते. थोडा वेळ तिला आपण कुठं बसलोय याचाही विसर पडला.

"आता ऐक," धनेश म्हणाला आणि त्यानं ऑर्केस्ट्राच्या जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी बारीक ठेवून एक सूर छेडला.

"मिक्सरात खडा गेलाय," चारुलतानं निकाल दिला.

त्यानं ट्रान्झिस्टर बदलला. दुसरा लावला, तिसरा लावला. डायोड उलटसुलट करून पाहिले. प्रत्येक वेळी ती मान हलवायची. तिला वाद्यातलं काही कळत नव्हतं, पण कानाला टोचतं काय आणि निववतं काय, हे कळायला शिकावं कशाला लागतं?

"टोचतोय रे. सुईसारखा."

धनेश खट्टू झाला. कारण त्यालाही तो टोचतच होता.

दोन-चार दिवसांनी राजवाड्याकडे काही घ्यायचं होतं म्हणून ती धनेशच्या लुनावर मागे बसून गेली आणि येताना त्यानं महाराणी रोडवर गाडी थांबवली. रघुवीरभियाचं पार्टचं दुकान म्हणजे छतापर्यंत नुसते छोटे छोटे खण. एवढुशा जागेत जगातले सगळे आवाज झोपवून ठेवलेत असं तिला वाटलं. रघुवीरभिया स्टुलावर बसून पोहे खात होता. धनेशचं गाऱ्हाणं ऐकून तो हसला.

"भिया, ये सब सिलिकॉन है. ये तो चाकू है चाकू. तुमको चाहिए रजाई. वो आवाज पुराने जर्मेनियम से आती है."

"तो दे दो ना," धनेश म्हणाला.

"कहाँ से दूँ? बनना ही बंद हो गया. अब तो सब नया माल है." रघुवीरभियानं चारुलताकडे बघून मान डोलावली. "माताजी, किसी के घर पुराना रेडियो पड़ा हो तो खुलवाओ. उसमें दो टोपीवाले सो रहे होंगे."

तसा रेडिओ कुणाच्या घरी आहे, हे तिला नि धनेशला दोघांनाही माहीत होतं. कपाटावर, तिनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो बसून होता. कातडी पिशवीतला तो रेडिओ चिंतामणरावांनी धनेश झाला त्या वर्षी, बोनसच्या वेळी आणला होता. ट्रकभर सामान आणावं अशा थाटात ते तो छातीशी धरून गल्लीतून चालत आले होते. धनेश स्वतःहून तो मागणार नव्हता, एवढं शहाणपण त्याला होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीत गेली. नवऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून तिनं हळूच विचारलं, "अहो, तो रेडिओ धनेशला देऊ का? आतले दोन पार्ट हवेत त्याला."

चिंतामणराव झुडपांकडे बघत होते.

"अहो, विचारतेय मी."

काही नाही. मानसुद्धा हलली नाही.

मग मात्र तिची तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा सोन्यासारखा रेडिओ फोडायची परवानगी मागतेय, तर 'हो' नाही, 'नाही' नाही. बसा मग! ती तरातरा आत आली, क्रोशाचा रुमाल ओढून फेकला आणि रेडिओ धनेशच्या मांडीवर आदळला.

"घे. उघड."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं. तुझ्या बाबांना काही फरक पडत नाही."

रेडिओची पाठ उघडली तेव्हा आतून जुन्या धुळीचा आणि कातड्याचा वास आला. त्या वासासरशी तिचा राग ओसरला. पण तोवर धनेशनं तापलेला कैया, म्हणजे ती झाळकाम करायची कांडी, लावला होता. दोन बारके पत्र्याचे दंडगोल बाहेर आले. खरंच टोपी घातलेली दोन माणसं दिसत होती. त्यांना उलटी बॅटरी लागते म्हणून धनेशनं सगळी जोडणी फिरवली. एवढ्यात चिंतामणराव पाणी प्यायला आत आले. उघडा पडलेला रेडिओ त्यांनी बघितला. धनेशकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. आणि मधल्या दारातल्या पाटावर जाऊन बसले, पाठ भिंतीला टेकून.

चारुलताला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"वाजवू की नको?" धनेशनं विचारलं.

"आता वाजव. आता काय राहिलंय!"

त्यानं सूर छेडला. आणि या वेळी, कोण जाणे का, त्यानं ॲम्प्लिफायरचं बटण पूर्ण फिरवलं होतं.

तो आवाज टोचला नाही. तो जमिनीतून आला. आधी पायांच्या तळव्यांना समजला, मग गुडघ्यांना, मग फळीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. जाड, उबदार, घोंगावणारा असा तो आवाज खोलीत वाढत वाढत गेला आणि खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटायला लागल्या. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती. ती धूळ आहे की कापसाचे तंतू, हेच चारुलताला कळेना. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मिलमध्ये घरच्या बायकांना आत जाऊ दिलं होतं, यंत्रांची पूजा बघायला. पूजेनंतर मुहूर्ताला म्हणून साचे थोडा वेळ चालवले होते. तेव्हा नेमकं असंच वाटलं होतं. सगळं जग थरथरतंय आणि आपण मधे उभे, तरंगल्यासारखे.

धनेशनं तार सोडलीच नाही. आवाज चालूच होता. आणि त्या आवाजाच्या आडोशाला चारुलताचं मन मोकळं सुटलं. आता कुणाला ऐकू जाणार होतं? हातात मेथीची जुडी होती, पदर खांद्यावरून खाली आला होता. नवऱ्याकडे बघत ती बोलली, जे कित्येक महिने बोलायचं राहिलं होतं.

"मी काय भिंतीशी संसार करू? बोलणं टाकलंत तुम्ही माझ्याशी. माझा काय गुन्हा होता हो?"

चिंतामणरावांची मान वर झालेली होती. ते तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत नाही. तिच्या तोंडाकडे.

"मी कुठं टाकलं?" ते म्हणाले.

तिच्या हातातली मेथी खाली पडली.

"टाकलं ते तुम्ही लोकांनी," चिंतामणराव म्हणाले. आवाजात चढउतार नव्हता, पण त्या घोंगावण्यातूनही तो सरळ तिच्यापर्यंत आला. "मिल गेली आणि घरात बोलणं बंद झालं. मी आलो की पदर तोंडावर. तू, धनेश, शेजारची, सगळे तोंड लपवता. मी म्हटलं, ठीक आहे. कमवत नाही आता. कशाला कोण बोलेल."

धनेशनं घाबरून तारांवर हात ठेवला. आवाज थांबला. खोलीत एकदम काहीच उरलं नाही.

"अहो, असं कसं म्हणता तुम्ही," चारुलता पुटपुटली, आणि रडू आलं म्हणून सवयीनं पदर तोंडाशी गेला.

चिंतामणरावांची मान हळूहळू खाली गेली. डोळे फरशीवर गेले. जणू कुणी दिवा विझवला.

ते बघितलं आणि चारुलताला सगळं एकदम समजलं. पायाखालची जमीन सरकावी तसं समजलं. तिनं पदर तोंडावरून ओरबाडून काढला.

"धनेश, वाजव!" ती किंचाळली. "मेल्या, बघतोस काय, वाजव!"

आणि धनेश वाजवत राहिला. बोटं लाल झाली तरी तार सोडेना. आई-बाबांच्या बोलण्यासाठी गिटार वाजवावी लागेल असं त्याला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तो हसला असता. पण आता तो मान खाली घालून वाजवत होता आणि मधूनच बाहीनं डोळे पुसत होता.

"तुम्हाला त्रास नको म्हणून हळू बोलत होतो आम्ही!" चारुलता त्या आवाजात ओरडून सांगत होती. "शांती मिळावी म्हणून!"

"शांती?" चिंतामणराव तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, घरात माझंच सुतक चाललंय."

ती पाटाशी येऊन बसली आणि रडली. ते रडले नाहीत, पण त्यांचा हात तिच्या गुडघ्यावर आला. दिवसाढवळ्या, मुलासमोर. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग हळूहळू त्यांच्याकडून साचेखातं बाहेर आलं. साचे सुरू झाले की तिथं कान सोडून द्यायचे, ते म्हणाले. डोळे वर करायचे. बोलणारा आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवतो, आणि दालनाच्या त्या टोकाचा माणूस या टोकाचं वाचतो. हसायचं तेही तसंच, भांडायचं तेही. कापसाचे तंतू हवेत तरंगत असायचे आणि त्यांतून सगळ्यांचे ओठ बिनआवाजाचे हलत असायचे. पाण्याखाली बोलतात तसं वाटायचं, ते म्हणाले. मान वर करायची सवय अशी हाडात भिनलीय की आताही मोठा आवाज झाला की मान आपसूक वर जाते. आणि आवाज नसला की वाटतं, साचे बंद आहेत, आता कुणी काही बोलत नसणार.

"आणि हाक कशी मारायचे?" चारुलतानं विचारलं.

"नावानं. ओठांनी. तिथं नुसतं चिंतामण म्हणायचे सगळे. मधे ओठ मिटतात ना, म म्हणताना, ते लांबूनही दिसायचं." ते जरासे हसले. "किती महिन्यांत कुणी नाव घेतलं नाही."

चारुलतानं मान खाली घातली. तिनं तर ते जन्मात घेतलं नव्हतं. 'अहो', 'ऐकलंत का', 'धनेशचे बाबा', यावर तिचं भागलं होतं. नवऱ्याचं नाव असं तोंडातून काढायचं तिच्या माहेरी नव्हतं नि सासरीही नव्हतं.

त्यानंतरच्या दुपारी त्या घरात पेटीचं काम असं काही चाललं की विचारू नका. चिंतामणराव ॲम्प्लिफायरच्या लाकडावर तळवा ठेवून बसायचे आणि धनेश एकेक कंडेन्सर बदलायचा. "वरवरचा आहे," ते म्हणायचे. "आणखी खाली ने." मग धनेश मोठा कंडेन्सर लावायचा. "आता आला. हे साचेखातं. मघाचं नुसतं पंख्याचं होतं." ऊन वाढलं की ते दोघे टोपीवाले लहरी व्हायचे, आवाज फुसफुसायला लागायचा. मग चारुलता माठाच्या पाण्यात फडकं पिळून पेटीवर ठेवायची आणि त्यांचं मन राखायची. रेझिस्टर तीच हातात द्यायची. पिवळा-जांभळा म्हटलं की पिवळा-जांभळा, चूक नाही. आणि सगळा वेळ दोघं बोलत असायची. आमटी खारट होती हेही एकदा बोलून झालं. त्या दिवशी ती मनातल्या मनात नाचली.

रेडिओबद्दल तिनं माफी मागितली, तर ते म्हणाले, "कपाटावर बसून काय करत होता तो? मीही तसाच बसलो होतो."

पेटी तयार झाली. सुहासिनीवहिनी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अहो, हा कसला आवाज? चिंतामणरावांना त्रास नाही का होत?" चारुलता जोरात हसली. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

पण एक गोष्ट तिच्या मनाला आतून कुरतडत होती. पेटी तर धनेशची. ती त्यानं ऑर्केस्ट्रासाठी बनवली होती, आई-बाबांच्या गप्पांसाठी नव्हे. विजयचा बेटम्याला कार्यक्रम ठरला आणि तिथून पुढे धारकडचा दौरा. रेडिओत टोपीवाले होते दोनच, दुसरी पेटी व्हायची नव्हती. निघायच्या दिवशी धनेशच म्हणाला, "आई, मी नेत नाही. राहू दे तुमच्याकडे. मी पेटीशिवाय वाजवतो."

"गाढवा, मग बनवली कशाला?" ती म्हणाली. "घेऊन जा. आणि असा वाजव की बेटम्याच्या वाट्या किणकिणल्या पाहिजेत."

दुपारी मॅटाडोर आली. गिटार चढली, ॲम्प्लिफायर चढला, पत्र्याची पेटी धनेशच्या मांडीवर बसली. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि तिचा आवाजही गेला. चारुलता हात हलवून आत आली. घर पुन्हा तसंच शांत होतं. ओसरीत चिंतामणराव लोखंडी खुर्चीवर बसले होते आणि त्यांचे डोळे बेशरमच्या झुडपांकडे होते.

गेलं की काय सगळं पेटीबरोबर? ओरडावं का? पूर्वीसारखी नळाच्या पाण्याची हाक घालावी? ओरडली असती तर त्यांनी उत्तर दिलंही असतं. पण आज तिला जे म्हणायचं होतं ते ओरडून म्हणण्यासारखं नव्हतं.

तिनं कोनाड्यातून मिक्सर ओढून काढला. धूळ पुसली. वायर ओसरीच्या दारापर्यंत पोचत होती. तिनं मिक्सर उंबऱ्यावर ठेवला, आत काही न घालता झाकण दाबलं आणि बटण पूर्ण फिरवलं.

रिकामा मिक्सर असा काही ठणाणा करत सुटला की झुडपांतून चिमण्या उडाल्या. चिंतामणराव दचकले. त्यांची मान झुडपांवरून वळली आणि वर झाली. डोळे तिला शोधत आले आणि तिच्या तोंडावर थांबले.

चारुलतानं पदर खाली सोडला. आजूबाजूला बघितलं, जसं काही ती चोरी करणार होती. मग आवाज अजिबात न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर सावकाश उच्चारत तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

चिंतामण.

म म्हणताना तिचे ओठ मिटले ते क्षणभर मिटलेलेच राहिले.

ते बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले, एवढा मोठा माणूस. मग त्यांचेही ओठ हलले. आवाज नव्हता. पण चारुलताला दालनाच्या त्या टोकावरूनही वाचता आलं असतं, इतकं ते स्पष्ट होतं. त्यांनी तिचं नाव घेतलं होतं.

तिनं हात लांब करून मिक्सर बंद केला. सुदामा नगरची दुपार पुन्हा शांत झाली. ते अजून तिच्याकडेच बघत होते.